बिअरच्या मगावरची सुझाना

आमच्या मित्रमंडळींच्या ग्रुपवर मध्यंतरी जोरदार भांडण झालं. कुणीतरी फोटो टाकला, ऑनलाईन विकायला असलेला कॉफीचा मग आणि त्यावर गणपती, झालं, लगेच सुरू, देवाला उष्टं तोंड लावायचं का, खरकट्यात सिंकमध्ये लोळवायचं का, रिपोर्ट करा, मेल करा, बंद पाडा. पाऊणशे मेसेज तरी झाले असतील. मी एक शब्द बोललो नाही कारण मी ट्रेनमध्ये होतो, आणि योगायोग बघा, कोलोनहून झीगबुर्गला चाललो होतो ते साडेचारशे वर्षांपूर्वीचे बिअरचे मग बघायला, ज्यांच्यावर बायबलमधल्या गोष्टी आहेत. परत येताना ठरवलं की यावर नीट बसून लिहायचं, मेसेजमध्ये मावणारं हे प्रकरण नाही.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना रागवायचंय त्यांना शेवटपर्यंत थांबायला नको. देवाधर्माची गोष्ट वापरातल्या भांड्यावर आली म्हणून ती बाटते असं मला वाटत नाही. बाटवणारे ती देवळात पण बाटवतात. आणि भांडं रोज हाताळलं जातं तोवर त्यावरची गोष्टही कुणीतरी कुणाला तरी सांगत असतं. ते काचेच्या कपाटात गेलं की सांगणं संपतं.

आता ही भांडी म्हणजे काय ते आधी. आपल्याकडे लोणच्याची बरणी असते ना, वरून तपकिरी आणि खाली पिवळट-पांढरी, जिला आपण सरसकट चिनी मातीची म्हणतो, ती याच जातीतली, स्टोनवेअर. साधं मडकं हजार डिग्रीच्या आतबाहेर भाजतात आणि ते पाझरतं, म्हणून तर माठातलं पाणी गार. स्टोनवेअरची भट्टी बाराशेच्या वर जाते, माती आतून इतकी घट्ट होते की थेंब पाझरत नाही, वास धरत नाही, आंबट ठेवा नाहीतर खारट, भांडं आपलं शहाण्यासारखं गप्प. ऱ्हाईनच्या खोऱ्यातल्या कुंभारांना हे मध्ययुगातच जमलं होतं. वर त्यांची अजून एक करामत, भट्टी पूर्ण तापली की त्यात मीठ टाकायचं. साधं मीठ. त्याची वाफ होते, मातीतल्या सिलिकाशी जुळते आणि भांड्यावर संत्र्याच्या सालीसारखी बारीक दाणेदार चमक येते. बिअर आणि वाईन पिणाऱ्या मुलखात यापेक्षा चांगलं भांडं कुठलं, काच महाग, चांदी त्याहून महाग, लाकूड कुजतं. त्यामुळे हा माल नदीतून खाली नेदरलँड्सला आणि तिथून इंग्लंडपर्यंत जायचा. १६२९ साली ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्याजवळ फुटलेल्या बटाविया नावाच्या डच जहाजाच्या अवशेषांतसुद्धा ऱ्हाईनकडची दाढीवाल्या तोंडाची सुरई सापडलीय.

झीगबुर्ग म्हणजे बॉनजवळचं छोटं गाव, टेकडीवर मठ, खाली बाजार. गावाबाहेर कुंभारांची आळी होती, आउलगास. तिथल्या बोलीत कुंभाराला उलनर म्हणायचे त्यावरून ते नाव, आपल्या कुंभारवाड्यासारखंच. धंदा मोजक्या घराण्यांच्या हातात, क्न्यूटगेन हे त्यातलं सगळ्यात नावाजलेलं, आणि बाहेरच्याला आत घ्यायचं नाही असे त्यांच्या संघाचे नियम. तिथली माती भाजली की जवळजवळ पांढरी होते आणि त्यावर उठावाचं काम फार सुंदर दिसतं. हे लोक एक उंच, वर निमुळता होत जाणारा मग बनवायचे, त्याला श्नेल म्हणतात. चाकावर मग फिरवायचा, मग साच्यात दाबून काढलेल्या मातीच्या पातळ पट्ट्या त्याच्या अंगावर चिकटवायच्या. सहसा तीन पट्ट्या, उभ्या. तीन का, तर मग गोल आहे आणि टेबलाभोवती माणसं बसलेली असतात, कुठूनही बघा, एक चित्र तरी बरंचसं दिसतंच. हे पुस्तकात वाचलेलं नाही, म्युझियममध्ये कपाटाभोवती फिरताना लक्षात आलं. (ते म्युझियम ज्या घरात आहे तिथे हुम्परडिंक नावाचा संगीतकार १८५४ मध्ये जन्मला, हॅन्सेल आणि ग्रेटेलचा ऑपेरा करणारा, आणि बरेच लोक त्याच्यासाठीच येतात, कुंभार बिचारे तिथेही दुसऱ्या नंबरवर.)

कुंभारांनी चित्रं स्वतःच्या मनाने काढली नव्हती. त्या काळात तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेली छोटी छोटी चित्रं बाजारात यायची, नुरेम्बर्गचा बेहाम, झोएस्टचा आल्डेग्रेवर, असे लोक ती करायचे, आणि साचा कोरणारा ती समोर ठेवून सरळ उचलायचा. कॉपीराईट वगैरे भानगड नव्हती. आल्डेग्रेवरने १५५४-५५ च्या सुमारास श्रीमंत माणूस आणि लाजर, लोट आणि त्याच्या मुली, सुझाना अशा बायबलमधल्या गोष्टींच्या मालिका छापल्या, आणि या गोष्टी पुढे ऱ्हाईनकडच्या भांड्यांवर पुन्हा पुन्हा भेटतात.

आता म्युझियममधली लेबलं काय सांगतात, तर निरक्षर लोकांना नैतिक शिकवण देण्यासाठी ही चित्रं होती. हे वाक्य मी कोलोनमध्ये वाचलं, लंडनला वाचलं, सगळीकडे थोड्या फरकाने हेच. मला ते पटत नाही. एकतर उठावाचं काम असलेला, कथलाचं झाकण बसवलेला पांढरा श्नेल हा गरिबाच्या घरात नसायचाच, गरिबाकडे साधा मग. दुसरं म्हणजे यातल्या कित्येक भांड्यांवर मजकूर आहे, कडेने पट्टीच्या पट्टी अक्षरं. निरक्षराला मजकूर कशाला? बरं तो मजकूर पण बघण्यासारखा, स्पेलिंगचा पत्ता नाही, कुठे अक्षर उलटं, कारण साच्यात आरशासारखं उलटं कोरायचं असतं आणि कोरणाऱ्याचा गोंधळ व्हायचा. शिकवण द्यायला बसलेला माणूस निदान शुद्धलेखन तपासून घेतो.

आणि तिसरं मुख्य. गोष्टी कुठल्या निवडल्यात ते बघा. लोट, ज्याला त्याच्या मुलींनी दारू पाजून झिंगवलं आणि पुढे जे झालं ते झालं. होलोफर्नेस, असिरियन सेनापती, पिऊन आडवा झाला म्हणून ज्यूडिथ नावाच्या ज्यू विधवेला त्याचं मुंडकं कापता आलं. उधळ्या मुलगा, बापाची इस्टेट बायकांवर आणि मेजवान्यांवर उडवून शेवटी डुकरांमध्ये बसलेला. श्रीमंत माणूस रोज पंगती झोडतोय आणि दारात भिकारी लाजरचे फोड कुत्री चाटतायत. काही लक्षात येतंय का? सगळ्या गोष्टी टेबलावरच्या आहेत, पिण्याखाण्याच्या. अख्ख्या बायबलात एवढ्या गोष्टी, कोरणाऱ्याला आणि गिऱ्हाइकाला पसंत पडल्या त्या बिअरच्या मगाला शोभणाऱ्या. म्हणजे पिणाऱ्याच्या हातातच पिणाऱ्याची गोष्ट. हा विनोद आहे, आणि चांगला विनोद आहे, समोर बसलेला मित्र तिसरा मग मागवताना तुम्ही त्याच्या मगावरचा लोट त्याच्याकडे फिरवायचा. शिकवण त्यात होतीच, नाही असं कोण म्हणतंय, पण ती कीर्तनकाराने मधेच विनोद सांगून दिलेल्या शिकवणीसारखी, शाळामास्तरच्या छडीसारखी नव्हे. कोलोनच्या आणि फ्रेखेनच्या दाढीवाल्या सुरयांवर एक पट्टी असते, खा प्या पण देवाला विसरू नका. यमक जुळवून लिहिलेलं. आता हे ज्या सुरईतून ओतून ओतून माणूस विसरणार त्याच सुरईवर.

प्रोटेस्टंट पंथ ज्याच्यापासून सुरू झाला तो मार्टिन लूथर स्वतः म्हणून गेला होता की प्रत्येक देशाचा एक सैतान असतो आणि जर्मनांच्या सैतानाचं नाव पिणं. १५५२ मध्ये तर एका पाद्रीने दारूच्या सैतानाविरुद्ध आख्खं पुस्तक छापलं. हे सगळं चालू असताना कुंभार तिकडे मगावर ज्यूडिथ चिकटवतायत.

चित्रांबद्दल तेव्हा युरोपात जे चाललं होतं त्याच्यासमोर आपल्या ग्रुपवरचं भांडण म्हणजे पोरखेळ. १५६६ च्या उन्हाळ्यात नेदरलँड्समध्ये लोक चर्चमध्ये घुसले आणि मूर्ती फोडल्या, चित्रं फाडली, अँटवर्पचं मोठं कॅथेड्रल ऑगस्टमध्ये आतून साफ करून टाकलं. त्यांचं म्हणणं, ही मूर्तिपूजा आहे, बायबलमध्ये बंदी आहे. बरोबर की चूक तो वेगळा विषय. पण अशा मतांच्या मुलखातही हे मग खपत होते. चर्चमधली मूर्ती चालत नव्हती त्या घरात टेबलावर ज्यूडिथ चालत होती. हे ढोंग होतं का? मला वाटतं अजिबात नाही. त्यांना फरक स्वच्छ कळत होता, समोर ठेवून हात जोडायचे ते वेगळं आणि हातात घेऊन बघायचं, बोलायचं ते वेगळं. कॅल्विनसारखा कडक प्रोटेस्टंट धर्मगुरूसुद्धा पूजेच्या जागी चित्र नको म्हणायचा, घटना दाखवणाऱ्या चित्रांना त्याचा तसा विरोध नव्हता. आणि लूथर तर १५२५ मध्ये मूर्तिभंजकांशी वाद घालताना म्हणाला की श्रीमंतांना पटवता आलं तर आख्खं बायबल घरांवर आतून बाहेरून रंगवून घ्यावं, सगळ्यांना दिसेल असं. घराच्या भिंतीवर चालतं तर मगावर का नको, एवढाच हिशोब कुंभाराने केला असेल, किंवा केलाही नसेल, त्याला भट्टी भरायची होती.

आपल्याकडच्या वादात हाच फरक हरवलाय. देवघरातला गणपती आणि मगावरचा गणपती यात आपल्या आज्ज्यांना कधीच गोंधळ झाला नाही, कॅलेंडरवरचा देव वर्ष संपलं की खाली उतरायचा आणि कधी कधी त्याचंच पुस्तकाला कव्हर लागायचं, कुणाचं काही दुखावलं नाही.

आता सुझाना, जिच्यासाठी मी खरं तर हे सगळं बघायला लागलो. रारन म्हणून गाव आहे, आज बेल्जियममध्ये, पण जर्मन बोलणारं, आखेनच्या जवळ. तिथे झीगबुर्गसारखे पांढरे नाही तर चॉकलेटी जग व्हायचे, पोटाचा भाग सरळ नळकांड्यासारखा, आणि त्याच्याभोवती एक सलग पट्टी, कॉमिक स्ट्रिपसारखी. यान एमेन्स मेनिकेन हा तिथला सगळ्यात मोठा कुंभार. १५८४ सालच्या एका साच्यातले जग आहेत त्यांच्यावर वरती लिहिलंय, ही सुझानाची सुंदर गोष्ट, थोडक्यात कोरलेली. केवढा प्रामाणिक माणूस. जागा कमी आहे, थोडक्यात सांगतो, असं सरळ लिहून टाकलं.

गोष्ट अशी. सुझाना बॅबिलॉनमधल्या एका श्रीमंत ज्यू माणसाची बायको. बागेत अंघोळीला जाते, दोन म्हातारे न्यायाधीश लपून बघतात आणि मग धमकी देतात, आमचं ऐक नाहीतर तू एका तरुण पोराबरोबर होतीस अशी साक्ष देऊ. ती नाही म्हणते. ते साक्ष देतात आणि तिला मरणाची शिक्षा होते. तेवढ्यात डॅनियल नावाचा तरुण उभा राहतो, म्हणतो या दोघांना वेगवेगळं करा, आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारतो, कुठल्या झाडाखाली बघितलंस? एक म्हणतो मस्तकीचं झाड, दुसरा म्हणतो ओक. संपलं. सुझाना सुटते, म्हातारे मरतात. साक्षीदारांना वेगळं काढून उलटतपासणी घेणं याचं इतकं जुनं आणि इतकं नाट्यमय उदाहरण मला दुसरं माहीत नाही, आणि ज्या गावांत कोर्ट म्हणजे ओळखीचीच चार प्रतिष्ठित माणसं तिथे ही गोष्ट काय झोंबत असेल बघा. बदनामी करणारे कोण, तर न्याय करणारेच.

पण मी भाबडा नाही. पट्टीतलं पहिलं चित्र अंघोळीचं आहे आणि ते पहिलं का आहे हे कुंभारालाही माहीत होतं आणि गिऱ्हाइकालाही. सुंदर गोष्ट म्हणजे गोष्ट सुंदर की सुझाना, हे त्याने मोघम सोडलंय. १५६३ च्या डिसेंबरमध्ये ट्रेंट इथे कॅथलिक चर्चच्या मोठ्या परिषदेने ठराव केला की धार्मिक चित्रांत कामुकपणा अजिबात नको, आणि त्यानंतर वीस वर्षांनी कॅथलिक मुलखातले हे कुंभार मजेत सुझानाला अंघोळ घालतायत. ठराव पोचला नाही असं नाही. पोचून काही झालं नाही. तर जे म्हणतात की ही सगळी धार्मिक भांडी, पवित्र हेतू, त्यांना मी म्हणेन बघा नीट, आणि जे म्हणतात की धर्माच्या नावाखाली बाई बघायची सोय, त्यांनाही म्हणेन पट्टी पुढे फिरवा. हा जग गोल आहे, अंघोळीवर थांबता येत नाही, पुढचा घोट घेताना म्हातारे येतात, मग डॅनियल, मग दगड. आणि बघणारा स्वतःला त्या झुडपातल्या म्हाताऱ्यांच्याच जागी सापडतो. हे मुद्दाम केलं असेल की आपोआप झालं, मला फरक पडत नाही.

अजून एक गंमत. सुझाना आणि ज्यूडिथ या दोन्ही गोष्टी प्रोटेस्टंट बायबलमध्ये धड नाहीत. लूथरने १५३४ च्या जर्मन बायबलमध्ये असली पुस्तकं बाजूला काढली, पवित्र शास्त्राच्या बरोबरीची नाहीत पण वाचायला चांगली आणि उपयोगी अशी टीप टाकून. कॅथलिकांनी १५४६ मध्ये उलट जाहीर केलं की ती बायबलच आहेत. आजही वसईच्या कॅथलिक माणसाला सुझाना दानिएलच्या १३ व्या अध्यायात सापडते आणि प्रोटेस्टंट मराठी बायबल मात्र १२ व्या अध्यायावर थांबतं. आता कुंभाराच्या जागी बसून विचार करा. तुमचा गाव कॅथलिक, गिऱ्हाईक अर्धं प्रोटेस्टंट. अशी नायिका घ्या जी एकाला शास्त्र म्हणून चालते आणि दुसऱ्याला चांगली गोष्ट म्हणून. धर्मपंडितांना जे दोनशे पानं लिहून जमलं नाही ते एका चॉकलेटी जगाने करून टाकलं.

हे सगळं मी आमच्या वसईच्या मित्राला सांगितलं, तो ग्रुपवर गणपतीच्या मगाविरुद्ध सगळ्यात जोरात बोलत होता, आणि त्याचा मुद्दा फालतू नव्हता. तो म्हणाला, लोट ठीक, सुझाना ठीक, पण त्या काळात तरी क्रूसावरचा येशू कुणी बिअरच्या मगावर काढला असता का? मी म्हटलं, काढला होता, झीगबुर्गच्या श्नेलांवर क्रूसाचा प्रसंग आहे. तो थोडा वेळ गप्प. मग म्हणाला, मला नाही आवडणार त्यातून प्यायला. मी म्हटलं पिऊ नकोस. आवडत नसेल तर न पिणं हा हक्क मला पूर्ण मान्य आहे, इतरांनीही पिऊ नये याच्यासाठी मेल पाठवणं मान्य नाही. आणि मग मी त्याला त्याच्याच घरचं उदाहरण दिलं. फादर स्टीफन्स, इंग्रज जेझुइट, १५७९ मध्ये गोव्याला आला, म्हणजे हे जग बनत होते बरोबर त्याच काळात, आणि त्याने बायबलची गोष्ट मराठी ओवीत लिहिली, ख्रिस्तपुराण, १६१६ मध्ये छापलं. ओवी कुणाची? ज्ञानेश्वरांची, एकनाथांची. पुराण हा शब्द कुणाचा? दुसऱ्यांच्या वापरातलं, कैक पिढ्यांचे हात लागलेलं भांडंच की ते. त्याने ते धुऊन पुसून पण घेतलं नाही, तसंच उचललं आणि आपली गोष्ट त्यात ओतली, आणि म्हणून ती लोकांच्या तोंडी बसली. मित्र म्हणाला ओवी आणि बिअर एक नव्हे. बरोबर आहे, एक नव्हे. त्याचं पूर्ण समाधान झालेलं नाही आणि माझी तशी अपेक्षाही नाही.

दोन गोष्टी मात्र मला इथे वेगळ्या काढायच्यात. लक्ष्मीच्या चित्राचा फटाका, ज्याच्या चिंध्या सकाळी रस्त्यावर पायाखाली येतात, तिथे चिडणाऱ्यांचं मला कळतं, कारण ती वस्तू फोडण्यासाठीच आहे. मग फोडण्यासाठी नसतो. दुसरं म्हणजे जिन्याच्या कोपऱ्यात लोकांनी थुंकू नये म्हणून लावलेल्या देवांच्या टाईल्स. त्याच्याविरुद्ध मी कधी कुणाला ग्रुपवर बोलताना बघितलं नाही, आणि माझ्या मते खरा अपमान तोच, देवाला वॉचमन करून ठेवलंय, तेही जिथे थुंकतात तिथे.

आणि हो, या मगांच्या दुनियेत सगळं गोडगोड नव्हतं. साच्यात जी माती दाबता येते तीच माती शिवी द्यायलाही वापरता येते. १५४८ मध्ये बादशहा पाचव्या चार्ल्सने प्रोटेस्टंटांवर एक तात्पुरती धार्मिक तडजोड लादली, तिला इंटेरिम म्हणायचे. तिची टर उडवणारी भांडी निघाली, येशूसमोर तीन तोंडांचं जनावर, एक तोंड पोपचं, एक तुर्काचं, एक देवदूताचं. आता यात पोपवर टीका आहे, ती राजकीय आहे, चालू द्या. पण तुर्क तिथे कशाला? कारण तुर्क म्हटलं की सैतान हे टेबलावरच्या प्रत्येकाला आधीच पटलेलं होतं. मी जी मोकळीक मागतोय ती घेतली की हेही सोबत येतं, हे मला मान्य करायला हवं. माझ्यापुरती रेघ मी अशी ओढतो की चित्र कुठल्या वस्तूवर आहे ते विचारू नका, त्या चित्रात कुणा माणसांना जनावर केलंय का ते विचारा. भांड्याला सोवळं-ओवळं लावण्यापेक्षा हे अवघड आहे, म्हणून आपण सोपं ते करतो.

रारनलाच शेतकऱ्यांच्या नाचाचे जग पण आहेत, बेहामच्या चित्रांवरून घेतलेले, १५७६ च्या आसपासचे. त्यावर मजकूर असा की गेरहार्ट, फुंक जोरात, शेतकरी नाचतायत जसे पिसाळलेत, आणि पुढे गावचा पाद्री म्हणतो चला, मी तर माझा झगासुद्धा नाचून घालवतो. हा जग कॅथलिक गावात बनला, पाद्री त्याच गावात राहत असणार. त्याने त्यातून प्यायली असेल का? मला वाटतं प्यायली असणार.

या भांड्यांचं खरं वाटोळं कधी झालं म्हणाल तर धर्माने नाही केलं. आधी लढायांनी केलं. १५८२ च्या शेवटी कोलोनचा आर्चबिशप प्रोटेस्टंट झाला, १५८३ मध्ये लग्न केलं, आणि गादी सोडेना, त्यावरून पाच वर्षं लढाई चालली आणि झीगबुर्गच्या आसपासचा मुलूख भाजून निघाला. आन्नो क्न्यूटगेनचं कुटुंब वेस्टरवाल्डच्या डोंगरात निघून गेलं, तिथे करड्या मातीवर निळ्या रंगाची भांडी सुरू झाली. राहिलेल्या आउलगासची १६३२ मध्ये स्वीडिश सैन्याने वाट लावली. पण मगांवरच्या गोष्टींचं वाटोळं केलं ते एकोणिसाव्या शतकातल्या त्यांच्या प्रेमिकांनी. १८७१ मध्ये जर्मनी एक झाला, आणि सगळं जुनं जर्मन हवं अशी लाट आली, मग खापऱ्यांचे ढीग उकरून साचे शोधले, त्याच्यावरून नकला केल्या, घरोघरी जुनी जर्मन खोली नावाचा प्रकार सजला आणि शेल्फवर हे मग ओळीने उभे राहिले. पिण्यासाठी नव्हे, अभिमानासाठी. लोट, ज्यूडिथ, सुझाना सगळे एका रात्रीत राष्ट्रीय झाले. ज्यू लोकांच्या जुन्या गोष्टी, नेदरलँड्स आणि जर्मनीतल्या छापील चित्रांवरून उचललेल्या, आज बेल्जियममध्ये असलेल्या गावात भाजलेल्या, आणि यांचा राष्ट्रीय वारसा. त्यांच्यावर मग कुणी हसलं नाही. अपमानही कुणाला वाटला नाही, सगळीकडे आदरच आदर.

झीगबुर्गला मी होतो तेव्हा एक शाळेची सहल आली होती, आठ-नऊ वर्षांची मुलं. ज्यूडिथच्या श्नेलसमोर एका मुलीने विचारलं की या बाईच्या हातात डोकं कुणाचं आहे. बाईंनी लेबल बघितलं, लेबलवर लिहिलं होतं माती, मिठाची झिलई, साल, उंची आणि ते नैतिक शिकवणीचं वाक्य. डोकं कुणाचं ते नव्हतं. बाई म्हणाल्या, ती जुनी गोष्ट आहे, चला पुढे. त्या मगाच्या कथलाच्या झाकणावर अंगठ्याने दाबायचा खटका असतो, तो इतका झिजला होता की त्याच्यावरची नक्षी पूर्ण गेलेली. कुणीतरी वर्षानुवर्षं तो उघडला होता, आणि त्या टेबलावर डोकं कुणाचं हे माहीत नसलेलं पोर नसणार.

तो गणपतीचा मग मी शेवटी मागवला. ग्रुपवर सांगितलं नाहीये, आता कळेलच. चित्र अशा बाजूला छापलंय की उजव्या हातात धरला की मला काही दिसत नाही, समोर बसलेल्याला दिसतं. ऑफिसमध्ये पहिल्याच दिवशी समोरच्या सहकाऱ्याने विचारलं, याचा एक दात तुटलेला का आहे? मी म्हटलं, त्याच्या दोन-तीन गोष्टी आहेत, तुला कुठली सांगू? तो म्हणाला सगळ्या. परशुरामापासून सुरुवात केली, चंद्रापर्यंत आलो तोवर कॉफी गार झाली होती.